एर्मेसचा रविवार

एर्मेस बिल्यार्दी दर रविवारी दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी आमच्या खाणावळीत यायचा. बर्फाचा एक दिवस सोडला तर विसाचे पंचवीस कधी झाले नाहीत. दार उघडलं की आधी त्याचा वास आत यायचा, दुधाच्या निवळीचा आंबूस वास, आणि त्याच्या मागून तो. रविवारचा म्हणून ठेवलेला पांढरा शर्ट, ओले करून मागे बसवलेले केस, आणि मिठाच्या पाण्यात बुडून बुडून कायमचे लाल झालेले हात. कोणाला नमस्कार नाही, चमत्कार नाही. सरळ चालत जाऊन स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या टेबलाशी बसायचा.

त्या टेबलाइतकी वाईट जागा आमच्याकडे दुसरी नव्हती. दार उघडलं की त्याची कड खुर्चीच्या पाठीला लागायची, आतली वाफ मानेवर यायची, आणि मी ताटं घेऊन बाहेर पडताना माझं कोपर त्याच्या डोक्यावरून जायचं. आमचा मालक लेआर्को त्याला कितीदा तरी खिडकीची जागा द्यायचा. एर्मेस म्हणायचा, "खिडकीतून काय बघू? नदीला पूर आला तर तू सांगशीलच." टेबलावर दोघांची मांडणी हवी, हा त्याचा हट्ट. दोन ताटं, दोन पेले, दोन चमचे. समोर कधी कोणी बसायचं नाही, आणि उठताना तो समोरचा नॅपकिन घडी न मोडता सरळ करून ठेवायचा.

ती मांडणी कोणासाठी, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दारापलीकडे वेलिया होती. आमच्याकडचा पास्ता खायला मांतुआहून, पार्माहून लोक गाड्या काढून यायचे, रविवारी दारात ताटकळायचे, तो सगळा पास्ता ती एकटी लाटायची. माणसं जेवत असताना वेलिया त्या दाराबाहेर कधीही आली नाही. आणि एर्मेसला या जगात एवढंच हवं होतं, की तिने बाहेर यावं, समोर बसावं, आणि दोघांनी मिळून एक जेवण पुरं करावं.

मी निवेस. त्या खाणावळीत तेहेतीस वर्षं वाढप केलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. एक गोष्ट मी अडीच वर्षं पोटात ठेवली होती, तीच आता सांगते.

एर्मेस गावच्या डेअरीत चीज करायचा. आमच्या भागात चीज करणाऱ्याला सुट्टी म्हणजे काय ते माहीत नसतं, कारण गाईला वार कळत नाही. संध्याकाळचं दूध येतं, ते रात्रभर निवतं. पहाटे त्यात सकाळचं दूध पडतं आणि तांब्याच्या मोठमोठ्या हंड्यांखाली जाळ लागतो. मग फाडणं, ढवळणं, कापडात धरून उचलणं, साच्यात घालणं, आणि त्यानंतर चीजची ती नवी ओली चाकं दिवसभर उलटत राहायची, त्यांची कापडं बदलत राहायची, घट्ट झाली की मिठाच्या पाण्यात सोडायची. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. एर्मेसने बापाचं दफनसुद्धा दोन उलटण्यांच्या मधल्या वेळात उरकलं. रविवारी दुपारचा दीड-पावणेदोन तास त्याच्या हाताखालचा माणूस कसाबसा सांभाळायचा. तेवढा एर्मेसचा रविवार.

आता गंमत अशी, की वेलियाचा बापही चीजच करायचा. आणि चीज करणाऱ्याच्या बायकोलाही सुट्टी नसते. कापडं धुवायची, हंडे घासायचे, उरलेल्या निवळीवर डुकरं पोसायची. समुद्र आमच्या गावापासून गाडीने अडीच तासांवर आहे. वेलियाची आई चोपन्नाव्या वर्षी गेली, तिने समुद्र पाहिला नव्हता. वेलिया तेव्हा वीस वर्षांची होती. जन्मात डेअरीवाल्याशी लग्न करणार नाही, असं तिने आईला पोहोचवून घरी येतानाच सांगून टाकलं.

आणि मग ती पडली डेअरीवाल्याच्याच प्रेमात. अडुसष्ट सालच्या उन्हाळ्यात चौकातल्या नाचात एर्मेसने तिला लग्नाचं विचारलं. वेलियाने नाही म्हटलं नाही. ती म्हणाली, "करीन. पण आधी एक रविवार आणून दाखव. दुपारी मला बाहेर जेवायला ने, दोन तास माझ्यासमोर बस आणि घड्याळाकडे बघू नकोस. एवढं जमलं तर पुढचं बोलू."

पुढचं मला लेआर्कोच्या आईने सांगितलं. तेव्हा खाणावळ तिची होती आणि मी शेजारच्या गावात शाळेत होते. एर्मेसने शेजारच्या डेअरीतल्या एका म्हाताऱ्याच्या हातापाया पडून त्याला आपल्या हंड्यांपाशी बसवलं. चुलतभावाचा कोट मागून आणला आणि वेलियाला घेऊन आमच्या खाणावळीत आला. आधी हॅमचे काप आले, ते दोघांनी हसत-बोलत खाल्ले. मग सुपातल्या कापेल्लेत्ती आल्या. अंड्यात मळलेल्या मैद्याची पातळ पोळी, तिचा इवलासा चौकोन, आत मांस आणि चीजचं सारण, आणि बोटावर गुंडाळून त्याची केलेली टोपी. एर्मेसने तीन चमचे खाल्ले. बाहेर उन्हाचा कहर होता. त्याला कळत होतं, की सकाळच्या चाकांची कापडं एव्हाना बदलायला हवीत, आणि म्हाताऱ्याला जेवण झालं की डुलकी लागते. घड्याळाकडे त्याने बघितलं नाही, हे खरं. तो दाराकडे बघायला लागला. शेवटी उठला आणि म्हणाला, "दहा मिनिटांत आलो."

आला तो सव्वा तासाने. टेबलावर वेलियाचं ताट रिकामं होतं, त्याच्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलेलं होतं आणि वेलिया नव्हती. त्या दिवशी आतली एक बाई भोवळ येऊन पडली होती. लेआर्कोची आई एकटी चार चुलींपुढे आरडाओरडा करत होती. तो आवाज ऐकून वेलिया उठून आत गेली, हात धुतले आणि लाटणं हातात घेतलं. एर्मेसने दार लोटून आत डोकं घातलं, तर ती मान वर न करता म्हणाली, "जा तू, तुझी कापडं वाळतील." त्या दिवसापासून ती तिथेच राहिली. जवळजवळ छत्तीस वर्षं. रविवार हवा म्हणून जिने लग्न केलं नाही, तिने धरलं काय तर खाणावळीचं स्वयंपाकघर, जिथे रविवारी श्वास घ्यायला उसंत नसते. आगीतून उठली आणि फुफाट्यात पडली. हे मी तिला एकदा तोंडावर म्हटलं होतं. ती म्हणाली, "फुफाटा माझा मी निवडलाय."

वर्षभर एर्मेस फिरकला नाही. मग एका रविवारी बारा वीसला येऊन त्या दाराजवळच्या टेबलाशी बसला, तो कायमचाच.

मी कामाला लागले त्र्याहत्तरात. पहिल्याच रविवारी त्याने मला बोटाने जवळ बोलावलं आणि म्हणाला, "आत सांग, सूप जरा सपक आहे."

मी घाबरत आत जाऊन सांगितलं. वेलियाचं लाटणं थांबलं नाही. "त्याला सांग, जन्मभर मिठाच्या पाण्यात हात घालून बसलेल्या माणसाला सगळंच सपक लागणार."

मी बाहेर येऊन शब्दन् शब्द सांगितला. एर्मेसचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं याला नीट ऐकू आलं नसावं. म्हणून मी पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "ऐकलं गं. अजून आहे का काही?"

तेव्हापासून मी त्यांची टपालवाली झाले. आमच्याकडे पुरुषमाणसं सुपाच्या शेवटी दोन कापेल्लेत्ती ठेवून त्यात लाल लाम्ब्रुस्को वाइन ओततात आणि ताट उचलून तोंडाला लावतात. वेलियाला ते बघवायचं नाही, खरं म्हणजे ऐकवायचं नाही, कारण बघणार कुठून. एर्मेस मुद्दाम सांगायचा, "तिला सांग, वाइन घातली तेव्हा कुठे चव आली." आतून उत्तर यायचं, "त्याला सांग, पुढच्या रविवारी गरम पाणी वाढते. त्यात ओत, त्यालाही चव येईल." कधी ती कुरापत काढायची. "त्याला सांग, या वेळचं चीज तीस महिने मुरलेलं म्हणून पाठवलंय, ते चोवीसच्या वर एक दिवस नाही. मला फसवतोय का?" मग एर्मेस ओशाळून म्हणायचा, "सव्वीसचं आहे. पण ओळखलं तिने."

कारण आमचं चीज त्याच्याच डेअरीतून यायचं. म्हणजे सारणात अर्धा तो आणि वरची टोपी तिची. त्या दोघांचा संसार काय तो तेवढाच.

एकदा मी न राहवून वेलियाला म्हटलं, "अगं, पाच मिनिटं बाहेर जाऊन बस की. मी बघते इकडचं."

ती म्हणाली, "मी कशाला जाऊ? दहा मिनिटांत येतो म्हणून तो गेलाय. त्याने यावं."

"दर रविवारी तर येतो बिचारा."

"तो येतो कुठे? त्याचा अर्धा जीव हंड्यात असतो. त्याचं दूध थांबेल त्या रविवारी मी बाहेर येईन. सांग त्याला."

मी सांगितलं. एर्मेस बराच वेळ चमचा फिरवत बसला. मग म्हणाला, "दूध कसं थांबेल?" आणि दीड वाजता नॅपकिन सरळ करून गेला. त्याने तो शब्द लक्षात ठेवला होता, हे मला पुढे कळलं.

दोन हजार चारच्या जानेवारीत वेलियाच्या हातून लाटणं पडलं. हातभर लांब ते लाटणं फरशीवर गडगडत भिंतीपर्यंत गेलं आणि ती ते उचलायला वाकलीच नाही. बोटं वर्षभरापासून सुजत होती, सांधे वाकडे व्हायला लागले होते. ती कोणाला बोलली नव्हती. पहाटे कोमट पाण्यात हात बुडवून ठेवायची आणि मग कामाला लागायची. डॉक्टरने सांगितलं, पुरे आता. त्या मंगळवारी ती सुझ्झाराला भाचीकडे निघून गेली. जाताना मला म्हणाली, "त्याला सांगू नकोस."

"का सांगू नको?"

"तो रविवारी भेटायला येईल, तासभर बसेल आणि मग दाराकडे बघायला लागेल. आणि मी दोन्ही हातांनी कप धरते ते त्याने बघायला नको."

लेआर्कोलाही ते सोयीचंच होतं. वेलियाच्या नावावर खाणावळ चालत होती, आणि तिच्या हाताखाली तयार झालेली ओम्ब्रेत्ता चांगली पाच वर्षं मुरलेली होती. गिऱ्हाईकांना फरक कळायचा नाही, असं त्याने ठरवून टाकलं. गावाला दोन आठवड्यांत सगळं कळलं. पण एर्मेसला सांगणार कोण? ज्याच्या त्याच्या तोंडाला कुलूप. एरवी या गावात कोणाची कोंबडी कुठे अंडं घालते तेही लपत नाही.

पहिल्या रविवारी एर्मेसने विचारलं, "आज काय म्हणते?"

मी समोरचा पेला पुसला. मग म्हटलं, "म्हणते, वाइन जरा कमी ओता. वय झालं तुमचं."

त्याने एक चमचा तोंडात घातला, हळूहळू चावला. मग म्हणाला, "तिला म्हणावं, वय तिचंही झालंय." त्या दिवशी त्याने अर्धं ताट तसंच ठेवलं. मला वाटलं पोट बरं नसेल.

वेलियाला दिलेल्या वचनासाठी खोटं बोलायला लागले, हे खरं. पण सगळं सांगायला बसलेय तर हेही सांगते, की दोन-तीन महिन्यांनी वचनाबिचनाचा काही संबंध उरला नाही. सोमवारी सकाळी कपडे वाळत घालताना मी पुढच्या रविवारच्या निरोपाची जुळवाजुळव सुरू करायची. वेलियाच्या तोंडी शोभेल असं टोचून बोलायचं, पण त्यात थोडी माया दिसली पाहिजे, फार दिसता कामा नये. बुधवारपर्यंत एखादं वाक्य जमायचं. शुक्रवारी मोडायचं. रविवारी बारा वीसला दार वाजलं की माझे गाल तापायचे. माझा नवरा जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती. चांगला माणूस होता, पण त्याने मला आयुष्यभर विचारलं ते एवढंच, की मोजे कुठे आहेत. आज काय म्हणते, असं मला कोणी कधी विचारलं नव्हतं. एर्मेस माझ्याबद्दल विचारत नव्हता, हे कळण्याइतकी अक्कल मला होती. तरी उत्तर माझं असायचं. ते ऐकून तो हसायचा, आणि ते हसू मी घरी घेऊन जायची. मला एर्मेस आवडायला लागला होता. पंचावन्नाव्या वर्षी, दोन्ही गुडघे दुखत असताना. लाज वाटायची, आणि रविवारची वाटही बघायची.

दोन हजार सहाच्या सप्टेंबरात गावची डेअरी बंद झाली. छोट्या डेअऱ्यांचं तेच होत होतं, त्या मोठ्या डेअरीत विलीन व्हायच्या. दुधाचा टँकर आमच्या गावावरून थेट पुढे जायला लागला. हंडे थंड झाले आणि एर्मेसला घरी बसवलं. तो चौसष्ट वर्षांचा होता.

त्यानंतरच्या रविवारी बारा वीसला दार उघडलं आणि वास आला नाही. म्हणून मी वर बघितलंच नाही. बघितलं तेव्हा एर्मेस टेबलाशी बसलेला होता. अंगात नवा कोट, स्वतःचा. हाताला घड्याळ नव्हतं. पट्ट्याच्या जागी मनगटावर पांढरा चट्टा दिसत होता. त्याने मला जवळ बोलावलं.

"आत सांग, दूध थांबलं. आता तिने बाहेर यावं. मी बसतो. किती का वेळ लागेना."

मी आत गेले. ओम्ब्रेत्ता पोळी कापत होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सुरी खाली ठेवली. मी मोरीपाशी उभी राहून उगाचच हात धुतले. मग बाहेर येऊन म्हटलं, "म्हणते, गर्दी ओसरू दे."

"ओसरू दे," तो म्हणाला.

त्या दिवशी बाप्तिस्म्याची एक मोठी पंगत होती. भोपळ्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली, टेबलाटेबलांवरून ढकलत न्यायची उकडलेल्या मांसाची गाडी, केक, फोटो, रडणारं बाळ. मी टेबलांमधून धावत होते आणि दर वेळी त्याच्या बाजूने जाताना मान दुसरीकडे वळवत होते. त्याने सूप खाल्लं, भाजलेलं मांस खाल्लं. नंतर दोन्ही हात टेबलावर ठेवून बसून राहिला. एकदाही बाहेरच्या दाराकडे बघितलं नाही त्याने. अडुसष्ट साली जे जमलं नव्हतं ते तो आता करून दाखवत होता, आणि ते बघायला दारापलीकडे कोणी नव्हतं. दोन वाजले, तीन वाजले. पंगत उठली. लेआर्को नजर चुकवून वर झोपायला गेला. ओम्ब्रेत्ता मागच्या दाराने निघून गेली. साडेतीनला त्या दालनात एर्मेस, मी आणि खरकटी ताटं एवढेच उरलो.

आता निरोप कुठून आणू? मी हातातला ट्रे न ठेवताच बोलून टाकलं. "वेलिया इथे नाही. अडीच वर्षं झाली. तिचे हात गेले, भाचीकडे राहते. मी तुमच्याशी खोटं बोलत होते."

"माहीत आहे," एर्मेस म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? पहिल्याच रविवारी कळलं. कापेल्लेत्ती बोटावर गुंडाळतात, बोटाएवढं तिचं भोक. ओम्ब्रेत्ताचं बोट जाड आहे. आणि ती कड दोनदा दाबते. वेलिया एकदाच दाबायची."

मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातली गत झाली होती माझी. अडीच वर्षं मी त्याच्यापुढे ताट ठेवत होते आणि त्या ताटातच सगळं लिहिलेलं होतं. मला रडू आणि राग एकदम आला. "मग मला बोलू का दिलंत?"

"नाहीतर तू बोलायची थांबली असतीस."

असं तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात. मग त्याने टेबलाखालून पायाने समोरची खुर्ची मागे ढकलली. "बस."

तेहेतीस वर्षांत त्या दालनात गिऱ्हाईक असताना मी कधी बसले नव्हते. बसले. घडीचा नॅपकिन माझ्यापुढे होता. मी एप्रनला हात पुसले. बाईमाणूस किती वयाची झाली म्हणजे तिला असली स्वप्नं पडायची थांबतात कोण जाणे. त्याचं बोलणं मी आधीच मनात तयार करून ठेवलं होतं. तो म्हणेल, अडीच वर्षं तुझ्याशीच तर बोलत होतो. मी काय उत्तर द्यायचं तेही ठरत आलं होतं.

एर्मेस म्हणाला, "इतके निरोप दिलेस. त्यातला एक तरी तिचा होता का गं?"

एकही नव्हता. वेलिया महिन्यातून एकदा फोन करायची, माझ्या गुडघ्यांचं विचारायची, ओम्ब्रेत्ताच्या पोळीचं विचारायची. त्याचं नाव तिने कधी काढलं नाही. मी त्याच्याकडे बघितलं. लाल हात टेबलावर ठेवून तो वाट बघत होता, आणि माझ्यापुढे बसूनही वाट तिचीच बघत होता. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. तो उठून घरी गेला असता, आणि पुढच्या रविवारी बारा वीसला परत आला असता.

मी म्हटलं, "एक होता. गेल्या फेब्रुवारीतला. बर्फात रस्ता बंद होता आणि तुम्ही चालत आलात, पाऊण वाजता, त्या दिवशीचा."

"काय होता? तूच सांग."

"तो यायचा थांबला तर मला रविवार आला हे कळणार कसं, असं म्हणाली होती."

त्याने डोळे मिटले. "तोच," तो म्हणाला. "तोच तिचा, मला वाटलंच होतं. बाकीचे तुझे होते ते लगेच कळायचं. गमतीचे असायचे, चांगले असायचे. पण हे असं तीच बोलू जाणे."

ते वाक्य जमायला मला दहा दिवस लागले होते. मोडावं लागलं नव्हतं असं ते एकच. त्या रविवारी दार वेळेवर वाजलं नाही, तेव्हा मी खिडकीशी उभी राहून रस्ता बघत होते.

त्याने पत्ता मागितला. मी ऑर्डरच्या वहीतलं पान फाडून लिहून दिला. त्याने तो दोनदा वाचला, कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि नॅपकिन सरळ न करताच गेला.

पुढचा रविवार रिकामा गेला. त्याच्या पुढचाही. लेआर्को म्हणाला, ते टेबल पाहुण्यांना दे. मी दिलं नाही. तिसऱ्या रविवारी साडेबाराला भाचीची गाडी दारात थांबली आणि एर्मेसच्या हाताला धरून वेलिया आत आली, पुढच्या दाराने. निळा कोट, केस सगळे पांढरे. खाणावळीतली माणसं खाता खाता थांबली. लेआर्कोने पुन्हा खिडकी दाखवली. ती म्हणाली, "तिथे कशाला? आम्हाला आमची जागा आहे."

मी सूप नेलं. वेलियाला चमचा बोटांत धरता येईना, तिने तो मुठीत धरला. एर्मेसने मान खाली घालून आपलं ताट चालू ठेवलं, तिचं आटपेपर्यंत वर बघितलं नाही. मला ते आवडलं. पहिल्या घासालाच ती म्हणाली, "ही पोरगी अजून कड दोनदा दाबते." एर्मेस इतका हसला, की त्याला ठसका लागला. शेवटी त्याने आपल्या ताटात वाइन ओतली. वेलियाने स्वतःचं ताट कोपराने पुढे सरकवलं आणि म्हणाली, "घाल मलाही. एकदा बघू तरी काय असतं ते."

तीन वाजत आले तरी ती दोघं बसलेलीच होती. मग तिला गार वाटायला लागलं म्हणून एर्मेस गाडीतून शाल आणायला गेला. वेलियाने वाकड्या बोटांनी माझ्या एप्रनची कड धरली.

"हा म्हणतो, मी त्याला असं कळवलं होतं. हा यायचा थांबला तर मला रविवार आला हे कळणार कसं, म्हणून. मी म्हणाले होते का गं?"

"म्हणाली होतीस."

ती माझ्याकडे बघत राहिली. आम्ही एकतीस वर्षं एका दाराच्या दोन बाजूंना काम केलं होतं. माझं खोटं तिला पावलांवरून कळायचं.

"विसरले असेन," ती म्हणाली. मग एप्रनची कड न सोडता हळूच म्हणाली, "निवेस, तुला आता रविवार कसा कळतो?"

मी म्हटलं, "सहा नंबरवाले खोळंबलेत गं," आणि ट्रे उचलून आत गेले. सहा नंबरचं टेबल केव्हाच रिकामं झालं होतं.